न घासलेलं मडकं

आईची नजर आधी छताकडे गेली. बिअरच्या कारखान्यात शिरल्यावर माणसं पिंपं बघतात, तांब्याची प्रचंड भांडी बघतात. आईने जळमटं बघितली. पिंपांच्या रांगांवर, तुळयांच्या बेचक्यांत, खिडक्यांच्या कोपऱ्यांत, धुळीने जड झालेली कोळ्यांची जाळी लोंबत होती. "अगं, दसऱ्याला तरी झाडतात की नाही हे?" तिने हळूच विचारलं. वेंगुर्ल्याच्या घरात घटस्थापनेच्या आधी काठीला केरसुणी बांधून ती एकूण एक कोपरा झाडते. तिला ते बघवत नव्हतं.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ब्रसेल्सला राहते आणि आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. नोव्हेंबर होता, बारीक पाऊस होता, आणि पाच वाजायच्या आत दिवेलागण. तिला मी चौक दाखवला, चर्च दाखवलं, आणि मग मिदी स्टेशनच्या मागच्या बाजूला, आन्डरलेख्तमधल्या एका साध्या गल्लीत घेऊन गेले. तिथे कांतियों नावाचा, १९०० साली सुरू झालेला लहानसा कारखाना आहे. बाहेरून बघितलं तर गोदाम वाटावं. आत लांबिक नावाची बिअर होते आणि तिच्यात यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारी सूक्ष्म बुरशी, कोणी घालत नाही. ते आपलं आपण येतं.

जाळ्यांचं कारण मला तिथेच पूर्वी कळलं होतं, ते मी आईला सांगितलं. लाकडी पिंपांतून थोडा थोडा रस पाझरतो, उन्हाळ्यात चेरी आणि रासबेरीचे ढीग येतात, आणि त्यांच्या मागोमाग चिलटं. चिलट आलं की शिरका, म्हणजे व्हिनेगर, करणारे जिवाणू आलेच, आणि एक पिंप शिरक्याच्या वाटेला लागलं की दोन-तीन वर्षांची मेहनत वाया. औषध फवारायची सोय नाही, कारण ज्यांच्या भरवशावर बिअर व्हायची ते डोळ्यांना न दिसणारे जीव याच भिंतींवर आणि याच लाकडांत राहतात. म्हणून इथे कोळ्याला कोणी हात लावत नाही. चिलटांचा बंदोबस्त तो करतो.

आई जरा वेळ बोलली नाही. पिंपांच्या मधल्या वाटेने पुढे गेली, एका पिंपापाशी थांबली आणि खोल श्वास घेतला. म्हणाली, "माडीच्या मडक्याचा वास येतोय."

तोवर मी त्या कारखान्यात चार-पाच वेळा जाऊन आले होते. वासाला नाव देता येत नव्हतं. आईला एका श्वासात देता आलं.

लांबिक ब्रसेल्समध्ये आणि शहराच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या पायोटनलांड या शेताशिवारांच्या भागात होते. झेन नदीचं हे खोरं. ब्रसेल्सच्या मध्यात ती नदी आता दिसत नाही. १८६७ ते १८७१ या काळात तिच्यावर कमानी बांधून वर रुंद रस्ते काढले. पण लोक अजून "झेनच्या खोऱ्यातली बिअर" असंच म्हणतात. झाकलेल्या नदीचं नाव अजून तोंडात आहे, हे मला फार आवडतं.

शिजवण्याची पद्धत अशी. एका वेळच्या शिजवणीला सुमारे १३०० किलो धान्य लागतं. त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास मोड आणून वाळवलेला जव आणि बाकी गहू, तोही कच्चा, मोड न आणलेला. हे गरम पाण्यात कालवून मधूनमधून वरचं गढूळ पाणी काढून वेगळं तापवायचं आणि परत घालायचं. यामुळे धान्यातलं सगळं पीठ साखरेत उतरत नाही, बरंचसं जड, पचायला कठीण राहतं. नेहमीची बिअर करणाऱ्याला हे नुकसान वाटेल. इथे ते हेतूने केलेलं असतं. जे जीव वर्ष-दीड वर्षाने जागे होणार आहेत, त्यांच्यासाठी हे राखून ठेवलेलं अन्न. उशिरा येणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवतात, तसं.

मग हॉपची फुलं, बिअरला कडूपणा देणाऱ्या एका वेलीची. तीही ताजी नाहीत, दोन-तीन वर्षं जुनी. जुनी झाली की त्यांचा कडूपणा बराचसा उतरतो, चीजसारखा वास येऊ लागतो, पण नको त्या जिवाणूंना अडवण्याची ताकद शिल्लक राहते. त्यांच्यासोबत तो गोड काढा तासन् तास उकळायचा. सुरुवातीचे दहा हजार लिटर आटून साडेसात हजारांवर येतात.

आणि मग तो वर जातो. अगदी वर, कौलांखाली, माळ्यावर. तिथे तांब्याची पसरट, उथळ परात आहे, एका खोलीएवढी. तिला कूलशिप म्हणतात. उकळता काढा तिच्यात सोडतात, बाजूच्या झडपा उघडतात, आणि माणसं घरी जातात. रात्रभर थंड हवा त्या वाफेवरून वाहते. सकाळी काढा कोमट झालेला असतो आणि रात्रीत त्याच्यात काय काय उतरलंय ते कोणाला दिसत नाही. बाहेरची रात्र उणे ३ ते अधिक ८ अंशांच्या मधली असली तर उत्तम. त्याहून गरम असली तर काढा वेळेत निवत नाही आणि नको ते पाहुणे हव्या असलेल्यांच्या आधी पंगतीला बसतात. म्हणून शिजवणी फक्त थंडीत, ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

आईने त्या माळ्यावर उभं राहून एकच विचारलं, "आणि आलंच नाही तर?"

येतं. शंभराहून जास्त वर्षं येत आलंय. पण आईचा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर माळ्यावर मिळत नाही, खाली पिंपांत मिळतं.

काढा पिंपात भरला की पहिल्या काही दिवसांत तोंडातून फेस उसळतो, लाकडावरून ओघळतो, जमीन चिकट होते. हे सुरुवातीचे जीव दांडगे आणि अल्पायुषी असतात. आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद, आणि फळांच्या सालीवर राहणारं रानटी यीस्ट. महिनाभर त्यांचा दंगा चालतो. मग सॅकरोमायसिस येतं, भाकरी-पावापासून वाइनपर्यंत सगळीकडे राबणारं यीस्ट, आणि साधी साखर संपवून दारू करतं. दारू आणि आंबटपणा वाढला की पहिले दांडगे मरून जातात. पुढे उन्हाळा आला, तळघर थोडं उबदार झालं की पेडिओकॉकस नावाचा जिवाणू हातपाय पसरतो. दह्याला आंबट करणाऱ्या आम्लासारखंच आम्ल तो तयार करतो, आणि सोबत एक बुळबुळीत पदार्थ. त्या काळात पिंपातली बिअर भेंडीच्या भाजीसारखी तार धरते. बनवणारे तिला "आजारी" म्हणतात. फेकत नाहीत, ढवळत नाहीत, औषध घालत नाहीत. आजारी माणसाला पडून राहू द्यावं, तसं राहू देतात.

आणि ती बरी होते. तिला बरं करणारं यीस्ट म्हणजे ब्रेटॅनोमायसिस. हे सगळ्यांत सावकाश चालणारं. इतरांनी टाकून दिलेली जड साखर, ती बुळबुळीत तार, एवढंच काय लाकडातली साखरही ते खातं, आणि त्यातून ते वास घडवतं ज्यासाठी माणसं दूरदूरच्या देशांतून या गल्लीत येतात. लिंबाची साल, पिकून मऊ पडलेलं सफरचंद, जुनं चामडं, ओलं गवत. मला त्यात दरवेळी पावसात भिजून वळचणीला टांगलेली घोंगडी आठवते. ज्याला घोंगडीचा वास माहीत आहे त्याला हा वास परका वाटणार नाही.

वर्षाचं, दोन वर्षांचं आणि तीन वर्षांचं लांबिक एकमेकांत मिसळून बाटलीत बंद केलं की ग्यूझ नावाची बिअर होते. तरुण लांबिकमध्ये उरलेली साखर असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा फुगे धरतात. म्हाताऱ्या लांबिकमध्ये खोली असते. कोणत्या पिंपातलं किती घ्यायचं हे मात्र चव घेऊनच ठरतं. त्या कामाला यंत्र नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे. पूर्वी सगळं श्रेय हवेला दिलं जायचं. झेनच्या खोऱ्याची हवाच तशी, बागांतल्या चेरीच्या झाडांवरून वारा यीस्ट घेऊन येतो, असं सांगायचे. यात काही खोटं नाही. पण ब्रसेल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पिंपांच्या आतल्या लाकडाचे नमुने घेऊन तपासले तेव्हा दिसलं की धुतलेल्या, वाफ दिलेल्या पिंपाच्या लाकडातही हे जीव टिकून राहतात आणि पुढच्या काढ्याला विरजण लावतात. म्हणजे रात्री हवेतून येतात ते पाहुणे. लाकडात राहतात ते घरचे. आपल्याकडे म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणते, घरात चांगलं बोलावं. त्या माळ्यावर उभी असताना मला ते शब्दशः खरं वाटलं. त्या इमारतीला जे सव्वाशे वर्षं ऐकवलं गेलं, तेच ती परत देते.

याच्या बरोबर उलटी गोष्ट कोपनहेगनला घडली. १८७६ साली लुई पाश्चरने बिअर का बिघडते यावर आपला ग्रंथ छापला. पुढे १८८३ साली कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वंश वाढवला. बिअर दर वेळी सारखी होऊ लागली. हान्सेनने केलं ते मोठंच काम होतं, आज जगातली जवळजवळ सगळी बिअर त्याच वाटेने जाते. मात्र त्या दिवसापासून "रानटी यीस्ट" हा शब्द आजाराचं नाव झाला. जे आपण घातलं नाही ते सगळं घाण.

आणि गंमत अशी की त्याच कार्ल्सबर्गमध्ये नील्स हिएल्टे क्लाउसेन याने १९०४ साली जाहीर केलं की जुन्या इंग्लिश बिअरला तिची खरी चव एका वेगळ्याच, सावकाश यीस्टमुळे येते. त्याला त्याने ब्रेटॅनोमायसिस नाव दिलं, म्हणजे ब्रिटनची बुरशी. शुद्धतेच्या माहेरघरातच रानटी यीस्टला नाव मिळालं. १९२१ साली लांबिकमधून मिळालेल्या त्याच्या भाऊबंदाला ब्रसेल्सच्या नावावरून ब्रुक्सेलेन्सिस म्हटलं गेलं. एका शहराचं नाव एका यीस्टला कायमचं लागलं.

ब्रसेल्सहून लुव्हन हे विद्यापीठाचं शहर गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या संशोधकांच्या गटाने २०१६ साली १५७ यीस्टच्या जनुकांचा अभ्यास छापला. त्यातून दिसलं की बिअरची यीस्टं सोळाव्या-सतराव्या शतकापासून माणसाळत गेली, गाई-म्हशींसारखी. आपण त्यांना सतत गोड काढा दिला, एका पिंपातून दुसऱ्या पिंपात नेलं, आणि त्यांना उपाशी राहायची, हिवाळा काढायची गरजच उरली नाही. त्यातली कित्येक आता जोडीदार शोधून नवी पिढी घडवू शकत नाहीत, ती शक्तीच त्यांनी गमावली. रानात सोडली तर टिकणार नाहीत. आंबोली घाटात एकदा धुक्यातून गवा पुढे आला होता, गाडीचा दिवा बघूनही हलला नाही. गोठ्यातल्या गाईत आणि त्याच्यात जे अंतर, तेच या दोन यीस्टांत. गाईबद्दल मला ममता आहे. पण गवा दिसला की माणूस श्वास रोखून उभा राहतो.

माणसाळलेल्या यीस्टांचं मूळही शेवटी रानातच आहे. जगभर विकली जाणारी लागर बिअर ज्या यीस्टने होते ते संकरित आहे. त्याचा एक पालक नेहमीचा सॅकरोमायसिस, दुसरा कोण ते कितीतरी काळ माहीत नव्हतं. २०११ साली तो सापडला, अर्जेंटिनाच्या पातागोनियात, थंड रानातल्या बीच नावाच्या झाडांवर वाढणाऱ्या गाठींत. इटलीतल्या संशोधकांनी तर दाखवलं आहे की यीस्ट गांधीलमाशीच्या पोटात हिवाळा काढतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा द्राक्षांवर येतं. गांधीलमाशीच्या पोटात! मला हे वाचून रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती.

आईच्या त्या एका वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा येते. आमच्या घरात दारूचं नाव निघत नसे. पण शेजारच्या मावशी नाताळाला सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, करायच्या, त्यांच्या पिठाला फुगण्यासाठी माडी, म्हणजे माडाचा आंबलेला रस, लागायची, आणि ती आणायला मला पाठवलं जायचं. माडीवाले काका पहाटे आणि संध्याकाळी माडावर चढायचे. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, बांधलेली असायची, तिचं टोक कोयत्याने पातळ तासायचं आणि खाली मडकं अडकवायचं. थेंब थेंब रस पडतो तो गोड असतो, पण मडक्यात पडल्या क्षणापासून आंबायला लागतो. कोणी काही घालत नाही. आंबू द्यायचं नसेल तर मडक्याला आतून चुना फासतात, म्हणजे नीरा गोड राहते. चुना नसलेल्या मडक्यात संध्याकाळपर्यंत पांढरा फेस.

एकदा मी शहाणपणा करून त्यांचं रिकामं मडकं राखेने घासायला घेतलं. काका लांबूनच ओरडले, "मडकां घासू नको हां, नुसतां विसळ!" तेव्हा वाटलं, मातीचं मडकं फुटेल म्हणून म्हणतात. आन्डरलेख्तच्या पिंपांमध्ये उभी राहून आईने माडीचं नाव घेतलं तेव्हा मला पंचवीस वर्षांनी त्या ओरडण्याचा अर्थ लागला. मडक्याच्या खरबरीत मातीत कालची माडी होती. पिंपाच्या लाकडात होतं तसं. काकांनी प्रयोगशाळा बघितली नव्हती, पण कालचं उद्याला लागतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून उर्राक आणि फेणी करणारेही बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, बोंडांच्या सालीवर आणि भांड्यांत जे आहे त्याच्यावरच विसंबतात.

त्या हिवाळ्यात, आई परत गेल्यावर, मी घरी करून बघितलं. लहान प्रमाणात. पाच लिटर काढा, जुनी हॉपची फुलं, आणि सहा काचेच्या बरण्या, तोंडाला पातळ फडकं बांधून. तीन गॅलरीत ठेवल्या, तीन मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली. दुसऱ्या सकाळी सगळ्या घरात आणल्या. दोघींवर काळी बुरशी आली, त्या लगेच टाकल्या. एकीला ओकारीसारखा वास येत राहिला, दोन महिने वाट बघून तीही टाकली. दोन नुसत्याच पाणचट. झाडाखालच्या एका बरणीत मात्र तिसऱ्या महिन्यात सफरचंदाचा वास आला. पहिला महिनाभर चव घ्यायची नाही हा नियम मी कडक पाळला, कारण त्या काळात आतड्यांतल्या जिवाणूंचे भाऊबंद जिवंत असतात. पुढच्या वर्षी सुरुवातीलाच दह्यातलं आम्ल घालून काढा थोडा आंबट करून घेतला, म्हणजे त्यांना उभं राहायलाच जागा मिळत नाही. बऱ्या झालेल्या बरणीचा तळाचा गाळ आणि त्यात ठेवलेले ओकच्या लाकडाचे तुकडे मी जपून ठेवले. लहान पिंप घ्यायचा मोह झाला होता. पण लहान पिंपात लाकडातून हवा जास्त शिरते आणि शिरका होतो, म्हणून काचच बरी.

यातून मला एक गोष्ट मनापासून पटली. रानटी यीस्ट म्हणजे सोडून दिलेलं यीस्ट, असं ऐकायला मिळतं. तसं काही नाही. पाकिटातलं यीस्ट घातलं की माणूस निवांत होतो. इथे मात्र रात्र किती थंड आहे ते बघावं लागतं, धान्य किती शिजवायचं, कोळी कुठे आहेत, कोणतं पिंप आजारी आहे, कोणतं बरं होतंय, सगळ्याची वर्षानुवर्षं खबर ठेवावी लागते. आणि हे सगळं करूनही शेवटचा शब्द आपला नसतो.

रात्रींची काळजी आता खरी आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार झाल्या की कांतियोंला शिजवणी थांबवावी लागली. कारखाना सांभाळणारे ज्याँ व्हान रॉय यांनी तेव्हा सांगितलं होतं की पन्नास वर्षांपूर्वी त्यांचे आजोबा ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत शिजवणी करायचे. त्यांना स्वतःला तसं एकदाही करता आलेलं नाही. शीतपेटी लावून काढा थंड करता येईल. मग झडपा कशाला उघडायच्या?

आमच्या आळीत आता माडावर चढणारं कोणी उरलं नाही. काका गेले, त्यांचा मुलगा पणजीला नोकरी करतो. मावशी सान्नांना बाजारातलं यीस्ट घालतात. फुगतात छान, पण आई म्हणते, चव नाही. यंदा तिने फोनवर विचारलं, ती बरणी आहे का अजून. आहे म्हटलं. तिसरं वर्ष आहे.

परवा रात्री तापमान ३ अंशांवर आलं. मी काढा शिजवला, पसरट पातेल्यात ओतला आणि गॅलरीत ठेवला. वाफ समोरच्या कौलांपर्यंत जात होती. आईला व्हिडिओ लावून दाखवलं. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ती उठून बसली, चष्मा लावला, पातेलं बघितलं, शेजारी लाकडाचे तुकडे घालून ठेवलेली रिकामी बरणी बघितली.

"ती घासली नाहीस ना?"

"नाही गं. नुसती विसळली."

"मग ठीक आहे," म्हणाली. "आता जाऊन झोप. थंडी वाजेल."